बाई, माझं इंग्रजी चालेल का?

परदेशात जाऊन इंग्रजी शिकवण्याविषयी मागच्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. नवीन वाचकांसाठी सांगते: मी परळच्या एका शाळेत बारा वर्षं शिकवलं, मग मस्कतला सहा वर्षं आणि हनोईला पाच. आता दादरला घरीच वर्ग घेते. सगळ्या पत्रांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून बाकीच्यांच्याही मनातलं ज्यांत आलंय अशी चार पत्रं निवडली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : बाई, मी पंचवीस वर्षांची आहे, लालबागला राहते. दहावीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले, नंतर इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. दोन वर्षं एका क्लासमध्ये स्पोकन इंग्लिश शिकवतेय. व्हिएतनामला किंवा थायलंडला जाऊन शिकवायची खूप इच्छा आहे. पण जाहिरात उघडली की पहिलं वाक्य 'नेटिव्ह स्पीकर हवेत', म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच हवेत, असं असतं. माझे उच्चार मराठी वळणाचे आहेत. मैत्रीण म्हणते, तिकडची मुलं तुझ्यासारखंच बोलायला लागली तर? माझं इंग्रजी चालेल का?

उत्तर : चालेल. तुला 'तू' म्हणते, कारण तुझ्या वयाच्या मुली रोज माझ्या घरी वर्गाला येतात आणि हाच प्रश्न विचारतात.

आधी एक प्रसंग सांगते. २००६ साली मी बँकॉकला केल्टाचा, म्हणजे इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीच्या केंब्रिजच्या प्रमाणपत्राचा, कोर्स करत होते. दुसऱ्या आठवड्यात उच्चारांचा तास होता. आमच्या प्रशिक्षिकेने प्रत्येकाच्या हातात टिश्यू पेपरची बोटभर पट्टी दिली आणि म्हणाली, ओठांसमोर धरा आणि 'पेन' म्हणा. बाकीच्यांच्या पट्ट्या फडफडल्या. माझी जागची हलली नाही. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. बारा वर्षं इंग्रजी शिकवून आलेली बाई मी, कानशिलं तापली.

रात्री खोलीवर आरशासमोर पट्टी धरून बसले आणि उलगडा झाला. मी 'पेन' मराठी 'प'ने म्हणत होते. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला येणारा 'पी' आपल्या 'फ'च्या जवळचा आहे. तो 'फ' दातांनी ओठ दाबून म्हणायचा नाही. आपल्या आज्या 'फळ' म्हणताना दोन्ही ओठ मिटून हवा सोडायच्या, तसा म्हणायचा. तसं म्हटल्याबरोबर पट्टी उडाली. आणि गंमत म्हणजे 'स्पून' म्हणताना ती उडायला नको, कारण 'एस'च्या मागून आलेला 'पी' अगदी आपल्या 'प'सारखा असतो. 'के'चंही तसंच: 'किंग'मध्ये 'ख'ची हवा, 'स्काय'मध्ये कोरडा 'क'. हे सगळं मला एका रात्रीत जमलं, कारण प-फ, क-ख वेगळे काढायला मी पहिलीत शिकले होते. भिंतीवरचा तो तक्ता आठव. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. आवाज तोंडात कुठे होतो त्या क्रमाने आपली अक्षरं मांडलेली आहेत. उच्चारशास्त्राचा पहिला धडा तुला सहाव्या वर्षी मिळालाय.

पुढे मस्कतला तीच पट्टी कामाला आली. बंदरावर नोकरी करणारा एक मुलगा संध्याकाळच्या वर्गाला यायचा. अरबीत 'प' नाही, त्यामुळे तो 'पार्किंग'ला 'बार्किंग' म्हणायचा. बार्किंग म्हणजे भुंकणं, कचेरीत त्याला हसायचे. त्याने आधी माझ्या एका सहकाऱ्याला विचारलं होतं, सर, तुम्ही तोंडाचं नेमकं काय करता? ते सर जन्माने इंग्रज आणि शिक्षक म्हणून फार चांगले होते, पण त्यांना सांगता आलं नाही. हा आवाज त्यांना कधी मुद्दाम काढावाच लागला नव्हता. मी मुलाच्या हातात पट्टी दिली. 'बी'ला हलू द्यायची नाही, 'पी'ला हलवायची. घसा, ओठ, हवा, एकेक वेगळं दाखवलं. तास संपेपर्यंत तो 'पार्किंग' म्हणत होता आणि जाताना पट्टी खिशात घालून घेऊन गेला.

तुझ्या मैत्रिणीला हे सांग. तू इंग्रजी शिकलीस, म्हणून ती कशी शिकायची हे तुला माहीत आहे. ए, ॲन, द कुठे लावायचं हे तुला आईच्या मांडीवर कळलेलं नाही, नियम घोकून आणि चुका करून कळलंय. व्हिएतनामी, थाई, जपानी मुलांचंही तेच आहे, त्यांच्या भाषांत 'द' नाही. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' हे दोन आवाज थाई मुलांना वेगळे काढता येत नाहीत. आपल्याकडे निदान लिहिताना आपण 'व्हिसा' आणि 'वॉटर' असा फरक करतो. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकव, डब्ल्यूला ओठ शिट्टीसारखे गोल कर. आधी तू पक्कं कर, मग त्यांना दाखव.

आणि ती मुलं इंग्रजी बोलणार कुणाशी? हनोईतल्या माझ्या वर्गातली निम्मी माणसं कोरियन आणि जपानी कंपन्यांत कामाला होती. त्यांचं दिवसभराचं इंग्रजी कोरियन साहेबाशी, सिंगापूरच्या गिऱ्हाइकाशी. लंडनचा माणूस वर्षातून एखादा भेटायचा. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ साली इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली: आत ब्रिटन-अमेरिकेसारखे देश, त्याबाहेर भारतासारखे, जिथे इंग्रजी दैनंदिन व्यवहारात मुरलेली आहे, आणि त्याबाहेर ती परकी भाषा म्हणून शिकणारे. तू दुसऱ्या वर्तुळातून तिसऱ्यात शिकवायला चालली आहेस. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

हे मी ठासून सांगते, कारण मला लपवायला सांगितलं होतं. हनोईत ज्या संस्थेत मी लागले, तिथे पहिल्याच दिवशी बजावण्यात आलं, विद्यार्थ्यांनी विचारलं तर 'लंडनची आहे' म्हणून सांगायचं. मी पहिल्या तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'मुंबई' लिहिलं आणि विचारा म्हटलं मुंबईबद्दल काय हवं ते. समुद्र किती लांब, गाडीला दार का नाही, बाई तुम्ही घरी कुठली भाषा बोलता, असे चाळीस मिनिटं प्रश्न येत राहिले, आणि सगळे इंग्रजीत. व्यवस्थापक नाराज झाले, दोन महिने मला फक्त नवशिक्यांचे वर्ग दिले. तेच विद्यार्थी २० नोव्हेंबरला, त्यांच्या शिक्षक दिनाला, फुलं घेऊन घरी आले. तिकडे शिक्षिकेला 'को' म्हणतात, आणि आत्यालाही 'को'च. मला ते 'बाई'इतकंच जवळचं वाटायचं.

आता तुला काय सुधारायचंय ते. तुझ्या पत्राच्या शेवटी इंग्रजीत चार ओळी आहेत, त्यात 'डिस्कस अबाउट' आणि 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' आहे. दोन्ही काढून टाक. 'मायसेल्फ अमुक', 'गुड नेम', शंकेला 'डाऊट', हे आपल्या घरचे प्रयोग आपल्यात चालतात, वर्गात शिकवायचे नाहीत. उच्चारांत माझ्या मते प, व पेक्षा मोठी अडचण आघाताची, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा याची आहे. आपण प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो. इंग्रजीत 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर, 'फोटोग्राफी'त 'टो'वर आणि 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रा'वर, बाकीची अक्षरं गिळल्यासारखी. रोज पंधरा मिनिटं एखाद्या बातमीपत्राचं एक वाक्य ऐकून जोराच्या जागी टेबलावर टिचकी मारत म्हण. तीन महिन्यांत फरक पडेल. ॲक्सेंट नक्कल करून आणू नकोस, तो चौथ्या वाक्याला गळतो.

दोन्ही देशांत पदवी लागते, शिकवण्याचं प्रमाणपत्रही बहुतेक ठिकाणी मागतात, आपल्यासारख्यांना इंग्रजीच्या पातळीचा पुरावाही द्यावा लागतो. थायलंडमधल्या शाळेत शिकवायचं तर तिथल्या शिक्षक परिषदेची परवानगी वेगळी. तुझं बी.ए.चं पदवी प्रमाणपत्र हातात आहे ना? प्रोव्हिजनल चालत नाही. नसेल तर कलिन्याला विद्यापीठात एक खेप आजच ठरव.

प्रश्न : माझ्या मुलीला परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी देतो असं एक एजंट सांगतोय. दीड लाख मागतोय. टुरिस्ट व्हिसावर जायचं, तिथे गेल्यावर वर्क परमिट करून देऊ म्हणतो. मुलगी हट्टाला पेटली आहे. आमचा जीव खालीवर होतोय. काय करावं? (एक वडील, कांदिवली)

उत्तर : पैसे देऊ नका. दिले असतील तर पुढचा हप्ता थांबवा.

टुरिस्ट व्हिसावर वर्गात उभं राहिलं की पहिल्या दिवसापासून ते बेकायदा काम. धाड पडली तर दंड भरायचा मुलीने, परत पाठवणार मुलीला, शिक्का तिच्या पासपोर्टवर. एजंट अंधेरीत चहा पीत बसलेला असतो. हनोईत माझ्याकडे ठाण्याची एक मुलगी आली होती, अशीच आलेली. दोन महिने शिकवलं, पगार नाही, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. पगार मागितला की 'तुझा व्हिसा कसला आहे ते आठव' असं उत्तर. आपल्या दूतावासात तिने अर्ज दिला तेव्हा पासपोर्ट मिळाला, पैसे नाही मिळाले. ती चार रात्री माझ्याकडे होती, एकदाही पोटभर जेवली नाही. तुमचं पत्र वाचताना तीच डोळ्यांसमोर होती.

परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर त्यांची यादी आहे, तिथे हे नाव आणि नोंदणी क्रमांक शोधा. नोंदणीकृत एजंटालासुद्धा उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये अधिक जीएसटी, एवढंच घेता येतं, आणि पावती द्यावी लागते. दीड लाखाचा आकडाच पुरेसं सांगतो. शिवाय बऱ्याच भाषासंस्था आणि शाळा थेट मुलाखत घेऊन माणसं घेतात. मला दोन्ही नोकऱ्या एजंटाशिवाय मिळाल्या.

मुलीला 'नाही' म्हणू नका, तिच्याबरोबर बसा. नोकरी देणारी संस्था कोणती, तिचं लेखी पत्र मागा. त्यात आठवड्याचे तास हवेत: वर्गातले किती आणि वर्गाबाहेर बसून राहायचे किती, हे वेगळं. परमिटचा खर्च कोणाचा, घर कोण देणार, सोडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं, पासपोर्ट कोणाकडे राहणार. शेवटच्या प्रश्नाला 'तिच्याकडे' सोडून दुसरं उत्तर आलं तर तिथेच थांबा. मग त्या देशाच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासात जाऊन कोणता व्हिसा लागतो ते विचारा. थायलंड, व्हिएतनाम, ओमान, तिघांचेही दूतावास इथे आहेत.

कागदांना वेळ लागतो, ते आधी सुरू करा. पदवीवर राज्य सरकारचं साक्षांकन, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं. ज्या देशांनी कागदपत्रांविषयीचा हेग करार मानलाय तिथे मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का, पुरतं; भारत त्यात २००५ पासून आहे. बाकीच्या देशांसाठी त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. हे सगळं मुलीलाच करू द्या. हे करता करता तिचा हट्ट आणि एजंटाची घाई, दोन्हींचा खरा अंदाज येईल.

प्रश्न : मी एक्केचाळीस वर्षांची, गिरगावात राहते. बी.एड. आहे, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौदा वर्षं शिकवते, स्वतः मात्र मराठी माध्यमातली. जपान किंवा कोरियाला जायचं मनात आहे. इंग्रजी शिकवण्याचा १२० तासांचा ऑनलाइन कोर्स चार-पाच हजारांत मिळतोय, तो करू की केल्टा? मुलगा नववीत आहे.

उत्तर : तुम्ही दोन अशा देशांची नावं घेतली आहेत, जिथे आपल्याला दार अरुंद आहे, तेव्हा ते आधी स्पष्ट सांगते. कोरियात इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया व्यापार करार २०१० पासून लागू आहे, त्यात शाळेतल्या सहायक इंग्रजी शिक्षकांसाठी वाट ठेवलेली आहे. तुमचं बी.एड. तिथे उपयोगी पडेल. पण त्या भरवशावर इथली कायम नोकरी सोडू नका.

जपानमध्ये शाळेत परकी भाषा शिकवण्याच्या व्हिसाला अट आहे की, तुमचं स्वतःचं बारा वर्षांचं शिक्षण त्या भाषेतून झालेलं असावं. तुमचं अकरावी-बारावी, पदवी आणि बी.एड. मिळून सहा-सात वर्षं भरतात. ही अट मला जिव्हारी लागते, कारण मीही तिच्यात बसत नाही. चौदा वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईचं मोजमाप ती कुठल्या माध्यमाच्या बाकावर बसली होती यावरून व्हावं, हे मला पटत नाही. नियम मात्र नियम आहे.

कोर्सचं म्हणाल तर फरक तासांचा नाही. केल्टाही १२० तासांचाच आहे आणि ट्रिनिटी कॉलेज लंडन या परीक्षा मंडळाचा तसाच कोर्स १३०. पण दोन्हींत सहा तास खऱ्या, इंग्रजी शिकणाऱ्या माणसांसमोर शिकवावं लागतं, मागे परीक्षक वही घेऊन बसलेला असतो. ऑनलाइन स्वस्त कोर्समध्ये तुम्ही एकाही विद्यार्थ्यासमोर उभ्या राहत नाही. कागद मिळतो, काही ठिकाणी व्हिसापुरता चालतोही. तुम्हाला वर्ग सांभाळायला कुणी शिकवायची गरज नाही. गरज आहे ती गप्प बसायला शिकण्याची. आपण शाळेतल्या बायका तासातली तीस मिनिटं स्वतः बोलतो. मला केल्टाने ते मोडून दहावर आणायला लावलं, आणि त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

माझा सल्ला: आखातातल्या शाळा बघा. तिथे बी.एड. आणि अनुभवालाच किंमत आहे, केल्टा लागेलच असं नाही. आणि मुलाची दहावी होऊ द्या. दीड वर्षात कागद तयार होतात, आघातही सुधारतो, आणि त्याच्या परीक्षेच्या वेळी तुम्ही घरी असता.

प्रश्न : मी अठ्ठावीस वर्षांचा, विक्रोळीचा. थायलंडमधल्या एका शाळेत नोकरी पक्की झाली, कागदपत्रं पूर्ण आहेत, पुढच्या महिन्यात निघतोय. चाळीस मुलांचा वर्ग आहे, मला थाई येत नाही. पहिल्या तासाला काय करू?

उत्तर : अभिनंदन! पहिल्या तासाला नावं शिका. थाई मुलांची कागदावरची नावं लांबलचक असतात, पण प्रत्येकाला घरातलं छोटं टोपणनाव असतं आणि शिक्षकही तेच वापरतात. ते विचारा, बाकांचा नकाशा काढून त्यात लिहा. मुलं हात जोडून नमस्कार करतील, आपल्याला त्यात नवीन काही नाही. पण शाबासकी म्हणून डोक्यावरून हात फिरवायची आपली सवय तिथे आवरा, डोक्याला हात लावणं तिकडे बरं मानत नाहीत.

'समजलं का?' हा प्रश्न तोंडातून काढून टाका. चाळीस मुलं एका सुरात 'येस टीचर' म्हणतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. समजा तुम्ही 'आय युज्ड टू लिव्ह इन परळ' शिकवताय. मग विचारा: मी आता परळला राहतो का? नो. आधी राहत होतो का? येस. एकदाच का पुष्कळ दिवस? तीन छोट्या प्रश्नांत कोणाला कळलं, कोण शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतोय, ते दिसतं. शेवटची व्यंजनं ऐकत राहा. थाईत शब्दाच्या शेवटी 'ल'चा 'न' होतो आणि 'स'चा 'त', 'फुटबॉल' 'फुतबॉन'सारखं ऐकू येईल. हसू नका आणि पहिल्या आठवड्यात दुरुस्तही करू नका, आधी त्यांना बोलू द्या.

इथून जाताना काही वस्तू न्या: दहाची नोट, घराचा फोटो, वाणसामानाची जुनी यादी, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लोकलचा नकाशा. हनोईत मी वर्षभर तोच वापरला. जोड्या करायच्या, एक प्रवासी, दुसरा तिकीट खिडकीवर. 'लोअर परळहून ठाण्याला कसं जाऊ?' टेक द ट्रेन टू दादर, गेट ऑफ, गो अप द स्टेअर्स, क्रॉस द ब्रिज. मुंबई न पाहिलेल्या बँकेतल्या एका बाईने मला विचारलं होतं, पुलावर गर्दी असेल तर पुढची गाडी किती मिनिटांनी? तिला पहिल्यांदाच स्वतःहून प्रश्न सुचला होता, मी तो तास तिथेच थांबवून सगळ्यांना तिच्यासारखे प्रश्न करायला लावले. नकाशा लॅमिनेट करून घ्या. पाऊस तिकडेही आपल्यासारखाच असतो.